इंजिन खालच्या बाजूला

मी कवळ्या बनवते. माझी कवळी लावून लोक मक्याचं कणीस खातात, तेव्हा प्लास्टरची एक खाण उभी करणं म्हणजे माझ्या हातचा मळ. आमच्या गावची खरी दगडाची खाण कधीच बंद पडली, तिथे आता पाणी साचलंय. पूर्वी तिथून खडी फोडायच्या कारखान्यापर्यंत दोन किलोमीटरची छोटी रेल्वे होती. सासरे तिचं इंजिन चालवायचे आणि त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, शेवटच्या डब्यावर ब्रेक धरून उभे असायचे. एकोणीस वर्षांपूर्वी चढावर जोडणीची पिन तुटली, रिकामे डबे उलटे सुटले, ब्रेक लागेना. काकांनी उडी मारली ती पाय कायमचा अधू करून. तेव्हापासून दोघा भावांत अबोला. घरं एकाच गल्लीत, पण समोरून आले की एक जण हमखास चपलेतला खडा काढायला वाकतो.

माझा बेत साधा होता. जेवणाच्या टेबलावर ती रेल्वे उभी करायची आणि दोघांना दोन बाजूंना बसवायचं. नवरा म्हणाला, "नसती उठाठेव." मी म्हटलं, "तू फक्त आजपासून ओट्यापाशी जेव."

पाच महिने खपले. आइस्क्रीमच्या काड्यांचे स्लीपर, चहाच्या पाण्याने रंगवलेला दगड, दात कोरायच्या ड्रिलने पाडलेली पिनांची भोकं. आधी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून सगळं पाहिलं. "चढ बरोबर घेतलास," म्हणाले. माझी कॉलर ताठ झाली. मी बटण दाबलं. सहा रिकामे डबे ओढत इंजिन ऐटीत चढायला लागलं.

"थांबव गं! इंजिन पुढे कोणी लावलं?"

"बाबा, इंजिन पुढेच असतं ना?"

"चढावर नाही. आमचं इंजिन कायम उताराच्या बाजूला. वर जाताना डबे ढकलायचे, खाली येताना अंगावर घेऊन उतरायचं. पिन तुटली तरी डबे जातील कुठे? इंजिनावरच टेकतील."

"मग त्या दिवशी कसे सुटले?"

विचारलं आणि जीभ चावली. बाबा खुर्चीत बसले.

"उशीर झाला होता. इंजिन डब्यांच्या वरच्या तोंडाला उभं होतं. फिरवून आणायला पंधरा मिनिटं लागली असती. धाकटा नको नको म्हणत होता. मी म्हटलं, एकच खेप. चौकशीत मी सांगितलं, पिन जुनी होती. तो गप्प राहिला, म्हणून माझी नोकरी राहिली. त्याच्यासमोर उभं राहायला मला तोंडच उरलं नाही."

आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो, काकाच रागावलेत. मला भयंकर वाईट वाटलं. पण हात रिकामे ठेवून वाईट वाटून घेणं मला जमत नाही. मी इंजिन उचललं आणि डब्यांच्या खालच्या बाजूला लावलं. डबे ढकलत ते अर्ध्या चढावर आलं, तेव्हा थांबवलं आणि बाबांच्या हातात चिमटा दिला.

त्यांनी पिन उपसली. डबे केसभर मागे सरले आणि इंजिनाला टेकून उभे राहिले.

"काकांना बोलावून आणते," मी म्हटलं.

"तू नको. मीच जातो."

चपला घालून ते दारापर्यंत गेले आणि वळले.

"ती पिन घालू नकोस. त्याला दाखवायचंय."