खोडलेल्या शब्दाचा वळ

मित्रांनो, पुठ्ठा सुटलेली, कसरीने कडा खाल्लेली मी एक जुनी दोनशे पानी वही आहे. भिवंडीजवळच्या कशेळीत, जानकीबाईच्या पत्र्याच्या पेटीत राहते.

जानकीबाई गावाची धवलारीण. लग्नातले विधी तिच्या गाण्यांवर चालत. तिला अक्षर येत नव्हते, पण गाणी शेकड्याने येत. मध्येच अडली, तर बायका ओळीचा शेवट ओरडत, "दारान गो, दारान!" की ती हसून उचलायची,

"हलद कुटली दारान,
वास भरला घरान."

दोराने विहिरीतली कळशी वर यावी, तशी यमकाने पुढची ओळ वर यायची.

२००३ साली तिच्या नातीने, नववीतल्या निशाने, मला विकत आणले. आजी सांगे, निशा पेन्सिलीने उतरवी. मला हळदकुंकू लावले, किती लाड झाले माझे! पण नंतर निशा एकटीच बसली. "असला गावठी कोन वाचंल?" म्हणत तिने खोडरबर चालवला आणि निळ्या पेनाने शुद्ध, पुस्तकी शब्द लिहिले. मी तिला अडवणार कशी? वहीला तोंड कुठे असते?

२००९ साली निशाच्याच हळदीला जानकीबाई गायला बसली. शेतांवर आता गोदामे होती आणि साथीच्या बायका उरल्या नव्हत्या.

"लेक चालली सासरा..." ती म्हणाली आणि अडली. पुन्हा म्हणाली. पुन्हा अडली.

"आजीची कॅसेट अटकली!" निशाचा भाऊ भावेश हसला.

निशाने मला मागवले आणि हळदीच्या हातांनी धरून वाचले, "लेक निघाली सासरी, आईला नाही आधार."

जानकीबाईने मान हलवली. "ह्या माजा न्हाय."

"अर्थ तोच हाय गो आजी!"

"अर्थ मना बी ठाव हाय. गानं कुठं हाय?"

निशाला मूळ शब्द आठवेना. तेवढ्यात डीजे सुरू झाला.

तेव्हापासून मी पेटीत आहे. जानकीबाई ओटीवर बसून अजून "सासरा... सासरा..." पुटपुटते.

मित्रांनो, कोणाचे गाणे उतरवाल तर तोंडातून येईल तसेच उतरवा. पेन्सिल पुसली तरी तिचा वळ कागदावर राहतो. त्या निळ्या शाईखाली माझ्या अंगावर अजून आहे, "आयेला न्हाय आसरा." कोणीतरी मला उन्हात तिरपे धरा, बोट फिरवून वाचा आणि ओटीवर जाऊन मोठ्याने म्हणा. कसर त्या पानाच्या कडेला लागली आहे.