बिननावाची बटनं

बद्रीनाथ लेकीच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. प्रेरणाच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, तिचा हात धरायचा नाही, हा हर्सूलच्या त्या घरातला कायदाच होता. जन्मापासून न दिसणारी ही पोर पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा आवाज ऐकून प्रोग्राम लिहायची. तो आवाज इतका भरधाव की आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या बद्रीनाथांना त्यातलं अक्षर उमगत नसे.

आज मात्र तो एकच शब्द बोलत होता. "बटन. बटन. बटन."

"कंपनीनं काल कोड लिहायचा एडिटर बदलला," प्रेरणा म्हणाली. "नव्या बटनांना ह्याला वाचता येतील अशी नावंच दिली नाहीत, अण्णा. माझ्या अन् सोबत काम करणाऱ्या गोकुळच्या ओळी एकाच जागी आदळल्यात. दोघांच्या ठेवायच्यात. बारापर्यंत पाठवायचंय."

"मग सत्यम साहेबांना सांग की."

"शुक्रवारी मला नोकरीत कायम करायचं का नाय ते ठरणाराय. आज तोंड उघडलं तर म्हणतील, आंधळीला जमंना. तुम्ही नुसतं वाचा."

बद्रीनाथांनी चष्मा पुसला. इंग्रजी येत होतं, पण स्वतःच्या वाचण्यावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. "डावीकडून पहिलं, तुझ्या ओळी ठेवा. दुसरं, त्याच्या. तिसरं, दोघांच्या."

"नक्की?"

"व्हय, नक्की." ते म्हणाले, आणि चष्मा परत पुसला.

तिनं पुढच्या बटनावर नेणारी टॅबची कळ तीनदा दाबली, मग एंटर. पडद्यावर मधोमध एक चौकट उघडली. स्क्रीन रीडर गप्पच.

"काहीच झालं नाय वाटतं. परत दाबते."

बद्रीनाथ चौकट वाचत होते. तुमच्या सर्व ओळी कायमच्या पुसल्या जातील. पुढे जायचं? आपणच चुकीचं वाचतोय, त्यांना वाटलं. इतकी शिकलेली पोर चुकेल कशी? पुन्हा वाचावं. तिचं बोट एंटरवर टेकलं.

"थांब!"

प्रेरणा दचकली. "केवढ्यानं वरडता, अण्णा!"

"तुझं सगळं पुसायला निघालंय ते, माय. रद्द कर आधी!"

तिनं एस्केप दाबलं. चौकट मिटली. "तुम्ही तर तिसरं म्हणला."

"तिसरंच आहे गं... पण निवडीची निळी कड दुसऱ्यावर दिसतीय."

मग तिच्या ध्यानात आलं. पडद्यावरची रांग वेगळी आणि टॅबची रांग वेगळी. ती एकेकदा कळ दाबत गेली, कड कुठं सरकली ते बद्रीनाथ सांगत गेले, दरवेळी दोनदा बघून. पावणेबाराला काम रवाना झालं.

लगेच तिनं फोन उचलला. "सत्यम सरांना लावते."

"आता कशाला? झालं की काम!"

"अन् उद्या? रोज तुम्हाला बसवू शेजारी? तुमची डुलकी लागली की माझी नोकरी गेली."

तिनं सगळं सांगितलं, वडिलांनी वाचून दाखवलं त्यासकट.

"वडिलांनी कंपनीचा कोड पाहिला? बाहेरच्यांना मनाई आहे." सत्यमचा आवाज आला.

"पाहिला, सर. बटनांना नावं असती तर ही वेळ आली नसती. मला जुना एडिटर परत पाहिजे."

"जुना तासाभरात टाकायला सांगतो. बाकीचं शुक्रवारी बोलू."

फोन बंद झाला.

"बाकीचं म्हणजे काय गं?"

"माहीत नाय." ती फोन खाली ठेवत म्हणाली. "पण आता शुक्रवारी लपवायला काही उरलं नाय. चहा टाका जरा."

बद्रीनाथ स्वयंपाकघरात गेले. आधण उकळून वर आलं, तरी साखर टाकली की नाही हे काही त्यांना आठवेना.