हरणाचं विरजण

नारळ हरणानं घेतला होता, मी नाही.

गेल्या माघी पौर्णिमेला बिरोबाच्या देवळापुढं हंबीररावांनी पुढच्या वर्षाच्या पाळीचा नारळ वर धरला आणि विचारलं, "कोण घेतंय?" हंबीरराव पलटणीतून सुभेदार होऊन आलेले, गावाचं सगळं नियोजन त्यांच्याकडं. मी खाली बघत बसलो. तेवढ्यात बायकांमधून माझी बायको हरणा उठली, पदर पसरून पुढं गेली आणि नारळ घेऊन आली. मला विचारलं नाही. घरी येताना म्हणाली, "आवं, दुष्काळात गावाची आंबील आपल्याच डेऱ्यानं जगवली. मग एकदा पाळी आपल्याकडं नको व्हय?"

आमची वाडी जतच्या बाजूला, माळावर. माघी पौर्णिमेला सगळ्या घरांतून आंबील येते. जोंधळ्याचं पीठ पातळ शिजवायचं, निवलं की विरजण लावून आंबवायचं, चांगला फेस धरला की मीठ, लसूण, जिरं घालायचं. पीठ तेच, विरजण तेच, पण दर घरची चव निराळी. बायका घागरी घेऊन येतात, आधी एकमेकींच्या आंबिलीची चव घेतात, नावं ठेवतात, हसतात. मग सगळ्या घागरी एका मोठ्या काहिलीत ओततात आणि आजूबाजूच्या वस्त्यांसकट सारा गाव त्यातली पितो. ज्याची पाळी त्याची घागर पहिली. लाकडं, पाणी, घुगऱ्या, काहील, सगळं त्यानंच बघायचं. आणि पौर्णिमेच्या आधी, अष्टमीला, सगळ्या घरांना विरजणही त्याच्याच दारातून जायचं.

पूर्वी विरजण घरोघरी असायचं. दुष्काळात जोंधळा मिळेना, रेशनवर तांबडा मिलो मिळायचा. लोकांचे आंबिलीचे मातीचे डेरे कोरडे पडले. हरणा मात्र त्या मिलोतलं मूठभर पीठ रोज डेऱ्यात टाकत राहिली. दुष्काळ सरल्यावर सगळ्या गावानं तिच्याकडून विरजण नेलं. पण आता सकाळी आंबिलीच्या जागी चहा आला होता. कशाला कोण डेरा सांभाळेल? लागलं की बायका वाटी घेऊन आमच्या दारात यायच्या.

भादव्यात तिच्या पोटात दुखू लागलं. मिरजेला न्यायचं ठरलं. गाडी चुकेल म्हणून मी अंगणातून ओरडत होतो आणि ती परड्याकडच्या सोप्यात डेऱ्यापाशी काहीतरी करत होती. हात पुसत आली आणि म्हणाली, "आली की. बाईमाणसाला घर सोडताना धा कामं असत्यात." मिरजेहून ती परत आली नाही.

त्यानंतर मी परड्याकडच्या सोप्यात गेलोच नाही. बाहेरच चूल मांडली, बाहेरच झोपलो. वर्षाच्या आत पाळी घ्यावी की नाही यावर गावात बोलणं झालं. देवाचं काम आहे, चालतं, असं जुन्या माणसांनी सांगितलं. मीही चालतं म्हणालो. तिनं पदर पसरून घेतलेला नारळ परत करायला मला जमलं नसतं.

पौष संपत आला तेव्हा हंबीररावांनी पारावर बैठक घेतली.

"लाकडं बिराप्पानं आनायची. घुगऱ्या तरण्या पोरांनी भिजवायच्या. पान्याची पिंपं आदल्या दिशी भरायची. ऐनवेळी पळापळ नको. अर्जुना, डेरा कसा हाय?"

"बरा हाय की," मी म्हणालो.

"बरा म्हंजे? फस्स करतोय न्हवं? आमाला पलटणीत बियर मिळायची, बाटली उघडली की फस्स. हरणावहिनीची आंबील त्येच्या वरताण. दोन वाट्या प्याल्या की आमचा धुळा गाणं म्हनायचा."

सगळे हसले. डेरा मी पाहिलाच नव्हता. घरी येऊन सोप्याचं दार उघडलं. कोपऱ्यात चुंबळ होती. डेरा नव्हता. पाण्याचं मडकं नव्हतं, पिठाचं गाडगं नव्हतं. मातीचं एकही भांडं नव्हतं.

मी धुळाकडं गेलो. धुळा माझा चुलतभाऊ, दिवसकार्याचं सगळं त्यानंच केलेलं.

"धुळा, आंबिलीचा डेरा कुटं हाय?"

"कुटं म्हंजे? दहाव्याच्या दिशी सारी मडकी वढ्यात फोडली की. सुतकाची मडकी घरात ठेवत्यात व्हय? रीतच हाय ती."

"आतलं इरजण?"

त्यानं ओढ्याकडं हात केला. ओढ्याला त्यानंतर दोनदा पाणी येऊन गेलं होतं.

दगडाआत्ती बाहेर ऊन खात बसली होती. धुळाची आई, नात्यानं माझी चुलती, पण सगळे तिला आत्तीच म्हणतात. गावातली सगळ्यांत जुनी बाई. तिनं काठी जमिनीवर आपटली.

"मुडद्यांनो, मडकी फोडायच्या आदी एक वाटीभर शेजारी द्यायचं न्हाई व्हय? एका तरी बाईला इचारलंसा? रीत हाय म्हनं रीत."

"तू घरातच हुतीस की," धुळा म्हणाला.

"मी रडत हुते, भाड्या."

मग माझ्याकडं बघून ती सावकाश म्हणाली, "अंबूकडं असंल. लेकीला लगनात दिलं असंल तिनं. जाऊन बग."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं निघालो. मिरजेत गाडी बदलावी लागली. दवाखान्याच्या बाजूला बघायचं नाही असं ठरवून स्टँडवर भिंतीकडं तोंड करून बसलो. गाडीत सगळा वेळ एकच विचार, अंबूनं सांभाळलं असेल का? हरणाच्या हातची आंबील मी लग्नापासून प्यालो. तिचं घरात दुसरं काही राहिलं नव्हतं. लुगडी वाटून टाकली होती. फोटो कधी काढलाच नव्हता. ते विरजण गेलं तर ती सगळीच गेली, असं मला वाटत होतं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

अंबू उंब्रजला हमरस्त्यावर राहते. तिच्या नवऱ्याचं घोंगड्यांचं दुकान आहे. मला दारात बघून ती घाबरली.

"आबा, काय झालं?"

"काय न्हाई. आईनं तुला इरजण दिलं हुतं न्हवं?"

तिनं मान खाली घातली. "आबा, हितं कोन पितंय आंबील? सासूबाई म्हनल्या, वास येतोय. पयल्याच वर्सी टाकलं."

मी पाणी प्यालो. तिनं चहा केला, तोही प्यालो. परत निघावं म्हणून उठलो तेव्हा ती म्हणाली, "आईचं गाठोडं माज्याकडंच हाय. मिरजेत तुमी माज्या हातात दिल्यालं. मी सोडलं न्हाई. न्हेता का?"

ते मला आठवतसुद्धा नव्हतं. तिनं फळीवरून काढून खाली ठेवलं. घरी नेऊन एकट्यानं सोडायचा धीर होईना, म्हणून तिथंच सोडलं. एक लुगडं, फणी, कुंकवाची डबी. आणि लुगड्याच्या घडीत दुमडलेलं एक फडकं. पिवळट, वाळून पापडासारखं कडक झालेलं.

"ह्ये औशदाचं फडकं असंल," अंबू म्हणाली. "टाकून देते."

मी तिचा हात धरला. फडकं नाकाशी नेलं. आंबट वास होता. अगदी बारीक, पण होता.

अंबू जन्मण्याआधी आम्ही मेंढरं घेऊन दिवाळीनंतर पश्चिमेला उतरायचो. डेरा घोड्यावर लादता येत नाही. निघताना हरणा आंबिलीत फडकं बुडवायची, सावलीत वाळवायची आणि कमरेला बांधायची. जिथं मुक्काम लांबेल तिथं ते फडकं नव्या गाडग्यात भिजवायचं, की आंबील सुरू. मेंढरं विकून पंधरा-वीस वर्षं झाली. मी विसरलो होतो. ती घर सोडताना जुन्या सवयीनं वागली होती. किती दिवस लागतील हे तिला माहीत नव्हतं, एवढंच.

गावात आल्यावर कुंभाराकडून नवा डेरा आणला. आत्ती फडकं हातात घेऊन बराच वेळ वास घेत राहिली.

"मेल्या माणसाचं हाय," धुळा म्हणाला. "चालंल का?"

"ती जित्ती असताना बांधल्यालं हाय," आत्ती म्हणाली. "तू नगं अक्कल पाजळू. अर्जुना, अर्दंच भिजव. अर्दं ठिव."

मी घरी येऊन जोंधळ्याचं पीठ शिजवलं. आयुष्यात पहिल्यांदाच. गुठळ्या झाल्या, हातानं मोडल्या. डेऱ्यात ओतलं आणि अर्धं फडकं आत सोडलं. मग दोन दिवस वाट पाहिली. शेतात गेलो की वाटेतूनच परत यायचो. डेऱ्यावरचं झाकण काढायचो, वास घ्यायचो. तिसऱ्या दिवशी वास आला, पण नासल्याचा. वर करडी साय धरली होती.

आत्तीला बोलावलं. तिनं वाकून बघितलं आणि विचारलं, "कढत हुतं तवा टाकलंस?"

"निवल्यालं. वाफ गेली हुती."

"वाफ गेली म्हंजे निवलं व्हय रं? बोट घालून बगितलंस? मारलंस की त्येला."

अष्टमी जवळ आली होती. त्याच संध्याकाळी हंबीरराव आले. धुळानं सांगितलं असणार. त्यांनी पायताण बाहेर काढलं, घोंगड्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अर्जुना, दह्याचं लावू. मी कवठ्याच्या बाजारातनं चांगलं दही आनतो. लोक पित्याल. नारळ माज्याकडं दे, माजी मंडळी बगंल. ह्यात कमीपणा न्हाई गड्या."

माणूस चांगल्या मनानंच बोलत होता. दह्यानंही पीठ आंबतं. पण ते ताकासारखं लागतं, त्याला फेस येत नाही, आणि ते हरणाचं नव्हतं.

"अष्टमीच्या सकाळपतुर थांबा," मी म्हणालो. "न्हाई झालं तर नारळ मी सोता आनून देतो."

या वेळी आत्ती माझ्यापाशी बसली. पीठ मीच शिजवलं, पण ओतू दिलं नाही तिनं. परातीत पसरायला लावलं. तिनं करंगळी घातली, मग मला घालायला लावली. "पोरीच्या गालागत लागलं पायजे. ना गार, ना गरम. आता टाक."

मी राहिलेलं अर्धं फडकं हातात घेतलं. टाकवेना. जवळ होतं तोवर निदान होतं तरी. आत टाकलं आणि मेलं, तर काहीच उरणार नव्हतं.

"टाक की रं," आत्ती म्हणाली. "फडकं वास घ्यायला बांधलं हुतं व्हय तिनं?"

मी टाकलं.

पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. वास ना चांगला ना वाईट, नुसता पिठाचा. मी मुठीनं पीठ घातलं, जसं ती घालायची. काहील मागून आणली, लाकडं मोजून घेतली, वस्त्यांना सांगावा धाडला. लोक विचारायचे, "अर्जुना, समदं झालं का?" मी म्हणायचो, "झालं." आणि मनात म्हणायचो, अष्टमीला नारळ परत द्यावा लागतोय.

अष्टमीला उजाडता उजाडता सोप्यात गेलो. झाकण काढायचा धीर होईना. खुंटीवरचा नारळ काढून हातात घेतला, तो द्यायलाच निघायचं म्हणून. मग वाकून डेऱ्याला कान लावला. आतून बारीक आवाज येत होता. तव्यावर मीठ टाकल्यासारखा. झाकण काढलं तर वर पांढरा फेस होता, त्यातले बुडबुडे फुटत होते, आणि तो वास सगळ्या सोप्यात पसरला.

मी तिथंच खाली बसलो. नारळ मांडीवर होता. बाहेर बायका वाट्या घेऊन आल्या होत्या आणि हाका मारत होत्या, "अर्जुनभावजी, इरजण देताय न्हवं?" मी उठून नारळ परत खुंटीला अडकवला आणि दार उघडलं.

पौर्णिमेला घागरी आल्या. देवळापुढं बसायला जागा राहिली नाही. अंबू नवऱ्याला घेऊन सकाळच्या गाडीनं आली, तिनं लसूण ठेचला. बायकांच्या चवी आणि टोमणे सुरू झाले. एकीची पातळ, एकीची करपट, एकीनं जिरं घातलंय की राख. हंबीरराव काठी घेऊन रांगा लावत होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

माझी घागर पहिली. ओतायच्या आधी दगडाआत्तीनं ओंजळ पुढं केली. मी ओतलं. निम्मं तिच्या लुगड्यावर सांडलं. ती प्याली. डोळे मिटून तोंडात घोळवलं. सगळे तिच्याकडं बघत होते, मी सोडून. मी घागरीकडं बघत होतो.

"हरणे," ती म्हणाली, "लय आंबट केलीस गं. नाकात शिरती."

दर वर्षी ती हेच म्हणायची. दर वर्षी हरणा उत्तर द्यायची, "तर मग पिऊ नगा, आत्ती." आत्तीनं याही वेळी थोडी वाट पाहिली आणि मग ओंजळ पुन्हा माझ्यापुढं धरली.

"वत की. बगतोस काय?"

मी घागर काहिलीत ओतली. मागून सगळ्या घागरी आल्या. दुपार कलेपर्यंत लोक पीत होते. धुळानं गाणं म्हटलं. पुढच्या वर्षाचा नारळ बिराप्पाच्या बायकोनं घेतला. मी शेवटी एक वाटी प्यालो. मीठ कमी पडलं होतं, ती चूक माझी. बाकी सगळं तिचं होतं.

संध्याकाळी घरी आलो तर परड्यात शेजारची रंगूबाई मदत म्हणून भांडी घासत होती. परात झाली होती, घागर झाली होती. डेरा तिनं आडवा केला होता आणि आत हात घालून राखेत बुडवलेला चोथा फिरवायच्या बेतात होती.

"हात काढ!" मी इतक्या जोरात ओरडलो की अंबू आतून पळत आली.

रंगूबाई दचकून उभी राहिली. "आवं, घासत हुते निस्ती. तळाला चिकाटलंय किती."

"ऱ्हाऊ दे चिकाटल्यालं," मी म्हणालो. डेरा उचलून आत नेला, चुंबळीवर ठेवला आणि मूठभर पीठ आणायला अंबूला सांगितलं.