अबोल्यातले अकरा फोन

गवंड्याने फोनचा रिसीव्हर आपटला तो बुधवारी सकाळी साडेदहाला, आणि पावणेअकरापर्यंत त्याच्या बराकीत त्याचं तोंड बघायला कुणी तयार नव्हतं.

त्यांचं काही चुकत नव्हतं. बराकीत तो धरून बारा जण. फोन म्हणजे आठवड्यातली पाच मिनिटं, आणि या बराकीचा वार बुधवार. नोंदवलेला एकच नंबर लावायचा, तोही आपल्या हाताने नाही. रांगेतून पुढे जायचं, नंबर मोठ्याने म्हणायचा, शिपाई तो वहीत ताडून बघणार आणि मग लावून देणार. त्या पाच मिनिटांच्या जोरावर माणसं उरलेला आठवडा ढकलायची. त्या दिवशी गवंड्याची पाळी तिसरी होती. त्याची सात वर्षांची मुलगी सांगत होती, "बाबा, आई सामान बांधतेय, आपण एक तारखेला मामाकडे राहायला..." एवढ्यात वेळ संपली म्हणून शिपायाने फोन तोडला. गवंड्याच्या अंदाजाने चारच मिनिटं झाली होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्याने रिसीव्हर भिंतीवर असा हाणला की त्याचे दोन तुकडे झाले. भिंतीचा पोपडासुद्धा उडाला नाही. काम चोख आहे, हे एवढ्या रागातही त्याच्या लक्षात आलं. धंद्याची नजर कुठे जाते.

गवंड्याचा फोन महिनाभर बंद झाला. पण नवं यंत्र पुढच्या बुधवारशिवाय येणार नव्हतं, त्यामुळे रांगेत त्याच्यामागे उभ्या असलेल्या नऊ जणांचाही आठवडा फुकट गेला. त्यात ड्रायव्हरच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि न्हाव्याचा म्हातारा बाप दवाखान्यात होता.

दुपारी न्हाव्याने ठराव मांडला. "महिनाभर याच्याशी कुणी बोलायचं नाही. पाणी दे म्हणाला तर द्या. बोलायचं मात्र नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. कंपाउंडर हा बराकीतला सगळ्यात वयस्कर माणूस, एरवी कुणाचीही समजूत काढणारा. त्यानेही मान हलवली तेव्हा गवंडी समजला की आपण खरोखर वाळीत पडलो.

खरं तर याच रागाने त्याला इथे आणलं होतं. तीन वर्षांपूर्वी कामावर मुकादमाशी शब्दाला शब्द वाढला, याने त्याला ढकललं, तो विटांच्या ढिगावर पडला तो उठलाच नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवसापासून बायको भेटायला आली नव्हती. पत्रं ती फोडत नसे. फोन होता तो खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंचा. बायको दर बुधवारी मुलीला घेऊन खाली यायची, रिसीव्हर तिच्या हातात द्यायची आणि दारात पाठ करून उभी राहायची. मुलगी सांगायची, "आई इथेच आहे." गवंड्याला तेवढंही पुरायचं.

आता एक तारीख सतरा दिवसांवर होती. त्या दोघी घर सोडून गेल्या की घरमालकीणबाईंच्या फोनला काही अर्थ उरणार नव्हता. मेहुणा हल्लीच कुठेतरी नवीन गावी बदलून गेला होता, त्याचा पत्ता गवंड्याकडे नव्हता. आणि तो मेहुणा ह्याला पत्ता देण्यापेक्षा स्वतःचं बोट कापून देईल, याची गवंड्याला खात्री होती. महिन्याने फोन सुरू होईल तेव्हा तो लावायचा कुणाला? मुलगी कायमची हातची जाणार, नुसत्या एका आपटलेल्या रिसीव्हरपायी.

संध्याकाळची मोजणी होऊन दार लागलं. कंपाउंडरची पथारी त्याच्या शेजारी होती. गवंडी छताकडे बघत म्हणाला, "कंपाउंडरकाका, तुम्ही बोलू नका. ठराव मोडायचा नाही. मी आपला बोलतो, तुम्ही झोपलात असं समजा."

आणि त्याने सगळं सांगितलं. सामानाचं, एक तारखेचं, मेहुण्याचं. "पुढच्या बुधवारी तुमच्या बहिणीला एवढं सांगता येईल का, की माझ्या घरी फोन कर म्हणून? हा बरा आहे म्हणावं, फक्त फोन बंद झालाय. आणि कुठे जाताय तेवढं सांगून जा. पोरीला वाटेल, बाबाने सोडलं."

कंपाउंडर डोळे मिटून पडून राहिला. बाकीचे दहा जणही डोळे मिटून पडले होते. बराक म्हणजे एक लांबट खोली. तिथे कुणी कूस बदलली तरी बाराव्याला कळतं. पण अबोला म्हणजे अबोला.

पुढचे सात दिवस गवंड्याने तसेच काढले. जेवणाच्या रांगेत त्याच्यापुढे आणि त्याच्यामागे हातभर जागा सुटायची. ज्याला सगळे लाउडस्पीकर म्हणत, तो भाजीवाला तर साधं 'सरक' म्हणायचं तेही खाकरून दाखवायचा. एरवी या माणसाचं कुजबुजणंसुद्धा आवाराच्या फाटकापर्यंत जायचं.

बुधवार आला. नवं यंत्र लागलं. अकरा जण रांगेला गेले आणि गवंडी बराकीत एकटा बसून राहिला. एरवी फोन करून आलेला माणूस दारातूनच बातम्या सांगत यायचा, आणि कुणाच्या घरी काय झालं ते सगळ्यांच्या घरी झाल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी जो तो आला तो मान खाली घालून, चोरी करून आल्यासारखा आपापल्या जागी बसला. ड्रायव्हरला मुलगा झाला होता. तेही त्याने भिंतीकडे तोंड करून सांगितलं. कंपाउंडरकडे गवंड्याने आशेने पाहिलं. तो चष्मा पुसत बसला होता.

शनिवार भेटीचा वार. सकाळी शिपायाने दारातून हाक मारली, "गवंडी, भेट आलीय."

गवंडी उठलाच नाही. त्याला तीन वर्षांत भेट आली नव्हती. "तुलाच म्हणतोय," शिपाई म्हणाला. "आणि न्हावी. ड्रायव्हर. कंपाउंडर..." तो कागद वाचत राहिला आणि वाचता वाचता त्याच्याच कपाळावर आठ्या चढल्या. बाराच्या बारा नावं होती. "बाहेर काय जत्रा भरलीय का रे आज?"

भेटीच्या खोलीत समोरासमोर दोन जाळ्या होत्या आणि मधे दोन हात रुंद बोळ. अलीकडे कैदी, पलीकडे घरचे, आणि सगळ्यांना एकदम बोलायचं असल्यामुळे सगळेच ओरडायचे. वेळ पंधरा मिनिटं. गवंडी शेवटच्या जागेवर जाऊन उभा राहिला. समोर बायको होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग परत एकदा पाहिलं.

"जिवंत आहात," ती म्हणाली.

"हो."

"धडधाकट?"

"हो. काय झालं?"

"काय झालं मलाच विचारता? बुधवारी घरमालकीणबाई जिने चढउतार करून दमल्या. पहिला फोन कुणा कंपाउंडरच्या बहिणीचा. म्हणाली, तुमचे मिस्टर बरे आहेत, काळजी करू नका. मी म्हटलं, बरं. अर्ध्या तासाने न्हाव्याची भावजय. ते अगदी ठणठणीत आहेत. मग कुणी बाळंतीण, नुकती घरी आलेली, तीही तेच. पाचव्या फोनला मी त्यांच्या दारातच बसून राहिले. अहो, माणूस ठणठणीत असताना असं अकरा-अकरा जण सांगतात का? आणि प्रत्येक जण शेवटी विचारतोय, तुम्ही कुठे जाताय, पत्ता द्या. मला वाटलं, तुमचे कपडेबिपडे पाठवायचे असतील."

गवंड्याने मान वळवून जाळीपाशी उभ्या असलेल्या रांगेकडे पाहिलं. त्याला आता कळलं. अकरा जणांनी अबोल्याची शपथ घेतली होती, आणि अकराही जणांनी ती मोडून आपल्या पाचातलं एकेक मिनिट त्याच्या निरोपाला दिलं होतं. त्याचा नंबर त्यांना कुणी सांगायला नको होता. तीन वर्षं दर बुधवारी तो त्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने म्हणत आला होता. फक्त आपण ठराव मोडला हे एकमेकांना सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

"मग मी त्या कंपाउंडरच्या बहिणीला उलटा फोन केला," बायको सांगत होती. "म्हटलं, खरं काय ते सांगा. तर तीच उलट मला विचारायला लागली. तिने न्हाव्याच्या घरी विचारलं, त्यांनी ड्रायव्हरच्या. रात्रीपर्यंत सगळ्यांना वाटलं, बराकीत काहीतरी भयंकर झालंय आणि आपल्यापासून लपवतायत. आज सकाळी गेटवर बघते तर सगळे हजर. त्या कंपाउंडरचा भाऊ म्हणे पाच वर्षांत आला नव्हता."

"पोरगी?"

"शेजारी ठेवलीय. ती नाही घाबरली. ती म्हणाली, बाबाचे किती मित्र आहेत." बायकोने पदराच्या टोकाने नाक पुसलं. "मी न सांगता जाणार होते."

"माहीत आहे."

"दादा म्हणतो, पोरीला विसरू दे. मलाही तेच वाटत होतं. तीन वर्षं वाटायचं, सुटेन एकदाची. बुधवारी दुपारभर तुम्ही गेलात असं समजून बसले होते. नाही हो सुटल्यासारखं वाटलं. पोरीसमोर रडायचं नाही म्हणून मोरीत जाऊन बसले. माझा राग गेलेला नाही. त्या मुकादमाची बायको मला बाजारात दिसते. राग जाणारही नाही."

"नको जाऊ दे," गवंडी म्हणाला. "पण नंबर देऊन जा."

"दादाचा देणार नाही. मी काल माझा मोबाइल घेतलाय. लिहून घ्या."

"इथे पेन-कागद चालत नाही. तू सांग."

ती सांगू लागली. पण शेजारी न्हाव्याचं आख्खं कुटुंब एकदम बोलत होतं, ड्रायव्हरला कुणीतरी जाळीतून बाळ दाखवत होतं, आणि लाउडस्पीकर आपल्या आईला घसा फोडून समजावत होता की बराकीत आगबीग काही लागलेली नाही. गवंड्याला पहिले दोन आकडे कळले, पुढचे नाही. त्याने हात कानाशी नेला. "परत सांग." तिने परत सांगितलं. या खेपेला चार कळले. भिंतीवरच्या घड्याळात तीन मिनिटं उरली होती.

"काही ऐकू येत नाहीये गं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

लाउडस्पीकरने वळून पाहिलं. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्याने गवंड्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं असेल. मग त्याने आपल्या आईपुढे हात केला आणि गप्प बसला. त्याचा आवाज बंद झाला तशी शेजारच्याला स्वतःच्या आवाजाची लाज वाटून तोही थांबला. न्हाव्याने ओठांवर बोट ठेवलं. ड्रायव्हरने बायकोला खूण केली आणि तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं. कंपाउंडरच्या भावाला पाच वर्षांचं सांगायचं होतं, कंपाउंडर त्याला नुसतं म्हणाला, "थांब जरा." एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाळी गप्प झाली. एवढी, की शिपायाने वहीतून मान वर करून काय झालं ते पाहिलं.

बायको त्या शांततेत जराशी संकोचली. मग एकेक आकडा सुटा करून, मुलीला शिकवायची तसा, तिने नंबर म्हटला. नंतर पत्ता सांगितला: दूध डेअरीच्या मागची दुसरी गल्ली, वरचा मजला. गवंड्याने तिच्यामागून नंबर म्हटला आणि सातव्या आकड्यावर अडला. ती म्हणाली, "शून्य." त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हटला, पुरा, न चुकता.

"आणखी एकदा," ती म्हणाली.

त्याने आणखी एकदा म्हटला. जाळीपाशी उभ्या असलेल्या अकरा जणांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

घंटा झाली तेव्हा त्या सगळ्यांचं घरच्यांशी बोलणं अर्धवटच राहिलं होतं. शिपायाकडे जास्तीचं मिनिट कुणी मागितलं नाही.