मागच्या चाकाची लाल रेघ

माझ्या सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत माझं माहितीपुस्तक असतं. त्या पुस्तकात चेन कशी ताणावी हे जिथे सांगितलं आहे, त्या पानात चौदा वर्षं एक पत्र घडी घालून ठेवलेलं होतं. ते आलं त्या दिवशी माझ्या मालकांनी ते तीनदा वाचलं. उत्तर मात्र लिहिलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. मोटरसायकलने आपली हकिकत इंजिनापासून सुरू करावी, पत्रापासून नव्हे, हे मला कळतं. पण माझ्या इंजिनाबद्दल कुणाची कधी तक्रार नव्हती. जे घडलं ते एका नटामुळे आणि एका पत्रामुळे. ते मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. तरी सांगून बघते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एकीकडून चाकं आली, दुसरीकडून टाकी आली, आणि शेवटी कुणीतरी मला सुरू करून माझा आवाज ऐकला व मान हलवली. तेवढं कौतुक मला पुष्कळ दिवस पुरलं. कारण पुढे दुकानात मी आठ महिने नुसती उभी होते. लोक यायचे, बसून बघायचे, "जड आहे हो!" म्हणायचे आणि हलकी गाडी घेऊन जायचे.

मग एके दिवशी जाड चष्म्याचे एक गृहस्थ आले. ते माझ्यावर बसलेच नाहीत. त्यांनी माझं माहितीपुस्तक मागून घेतलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागले. दुकानदार जेवून आला तरी वाचन चालूच. शेवटी, "एकेचाळिसाव्या पानावर एक चूक आहे," असं हळूच सांगून त्यांनी मला विकत घेतलं.

ते एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधून लाल शाईने खुणा करायचे. शिक्षक नव्हते, पण त्यांचा मित्र त्यांना मास्तर म्हणायचा, म्हणून मीही मास्तरच म्हणते. हा मित्र म्हणजे पलीकडच्या गल्लीतले सुतारकाका. मास्तरांना मित्र असा हा एकच. मास्तरांना प्रवासाची फार हौस, पण गाडी चालवताना त्यांच्या हातांना घाम फुटायचा. सुतारकाका गाडी लोण्यासारखी चालवायचे, पण त्यांना रस्ता म्हणून लक्षात राहायचा नाही. त्यामुळे काका पुढे आणि मास्तर मागे नकाशा घेऊन, असं ठरून गेलं.

लांबच्या प्रवासासाठी मला घरीच सजवलं गेलं. घराला लागून एक अरुंद शेड होती, तिथे एक खिडकी, एक बाक आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. सुतारकाकांनी प्लायवूडच्या दोन पेट्या करून त्यांना बाहेरून पत्रा मढवला. काका उंच, म्हणून माझं हँडल दोन बोटं वर घेतलं. वारा अडवायला पुढे पारदर्शक काच हवी होती. ती खरी काच नव्हे, ॲक्रिलिकची. तिला बाक यावा म्हणून मास्तरांनी ती चक्क स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये तापवली. तो वास तीन दिवस गेला नाही.

"आज जेवायला काय?" काकांनी मुद्दाम विचारलं.

"भाजलेलं प्लॅस्टिक," मास्तरांच्या बायको म्हणाल्या. "तुम्ही दोघं आधी बसा. उरलं तर आम्ही खाऊ."

त्यांना मी काकू म्हणते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या दिवसभर लोकांशी गोड बोलायच्या आणि उरलेलं सगळं घरी येऊन बोलायच्या.

दर दुसऱ्या सुट्टीच्या दिवशी माझी साफसफाई असे. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन चेन धुवायची, हवेची जाळी झटकायची, तेल बदलायचं. काढलेले भाग मास्तर वर्तमानपत्रावर ओळीने मांडत आणि मग एकेक भाग उचलून खालची बातमी वाचत बसत. वेळ लागे, पण काम चोख होई. त्यांच्याकडे एक खास पाना होता. नट हवा तितका आवळला की तो 'टक्' असा आवाज करी. टक् झालं की मास्तर त्या नटावरून शेजारच्या लोखंडापर्यंत एक बारीक लाल रेघ ओढत. नट पुढे सैल होऊन फिरला तर रेघेचे दोन तुकडे दिसतात आणि लगेच कळतं. रेघेसाठी ते काकूंचं नेलपॉलिश वापरत.

"माझ्या नखांपेक्षा हिची नखं जास्त रंगवलीत," काकू म्हणायच्या. मला ते ऐकायला आवडायचं.

अशी सहा वर्षं गेली. डोंगर पाहिले, समुद्र पाहिला, एकदा चुकीच्या नकाशामुळे एका वीटभट्टीत जाऊन पोचलो. मग दोघांनी दहा दिवसांचा एक मोठा बेत आखला. रस्ता जिथे संपतो तिथल्या दीपस्तंभापर्यंत जायचं.

निघण्याच्या आठवडाभर आधी मास्तरांनी माझी दोन्ही चाकं काढून पुन्हा बसवली. नऊ नट आवळायचे होते. टक् आणि रेघ, टक् आणि रेघ, असे आठ झाले. तेवढ्यात काकू दारात आल्या.

"अहो, ती नेलपॉलिशची बाटली द्या. ऑफिसात निरोप समारंभ आहे, मला आत्ताच्या आत्ता निघायचंय."

"दोन मिनिटं."

"तुमची दोन मिनिटं मला माहीत आहेत. द्या इकडे."

मास्तरांनी घाईघाईने नवव्या नटावरही रेघ ओढली आणि बाटली देऊन टाकली. रेघ आधी आणि आवळणं नंतर, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. मग ते पाना घेऊन बसले. नववा मागच्या चाकाच्या दांड्याचा होता. तो किती आवळायचा याचा आकडा वेगळा, म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं. आकडा सापडला, पण त्याच्याखाली बारीक अक्षरात एक तळटीप होती. तळटीप दिसल्यावर मास्तर ती वाचल्याशिवाय राहतील, हे शक्यच नव्हतं. तिने दुसऱ्या पानावर पाठवलं, त्या पानाने तिसऱ्यावर.

"काय मास्तर, झाला का अभ्यास?" दारातून सुतारकाका ओरडले. "पेट्यांत वजन भरून एक फेरी मारून येतो. बघू कशी चालते ते."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. "हो, हो. झालं सगळं."

काकांनी खाली बसून प्रत्येक रेघेवरून बोट फिरवलं. "जुळते. जुळते. ही पण जुळते." मग ते उठले आणि पँट झटकली.

आठ टक् झाले होते, नववा झाला नव्हता. मी मोजले होते. पण आम्हाला बोलता येत नाही, मित्रांनो. मी मागून थोडी कुरकुरले. काकांना वाटलं, नव्या वजनाचा आवाज असेल.

पूल ओलांडून चढाचं वळण लागलं, तेव्हा माझं मागचं चाक जागेवरून सरकलं आणि तिरकं होऊन अडकलं. मी आडवी झाले. काकांचा उजवा पाय पेटीखाली आला आणि दोन ठिकाणी मोडला.

मला छोट्या ट्रकमधून घरी आणलं. मास्तरांनी मागचा नट पाहिला, तो सैल होता. खडखडाटाने आपोआप सैल झाला असेल, असंही असू शकतं. मास्तरांनी तीच आशा धरली होती. त्यांनी पुस्तकातला आकडा पाहून पाना लावला आणि आवळला. टक् झालं, पण नटावरची रेघ लोखंडावरच्या रेघेला ओलांडून पाव फेरा पुढे गेली होती. रेघ ओढली तेव्हा नट आवळलेला असता, तर दोन्ही रेघा पुन्हा बरोबर जुळल्या असत्या. मास्तर बाकावर बसले आणि पाना मांडीवर ठेवला.

ते काकांना भेटायला दवाखान्यात गेले, पण नटाबद्दल बोलले नाहीत. पुढे काका दुसऱ्या गावी भावाकडे राहायला गेले आणि तिथेच त्यांनी सुतारकाम थाटलं. दोन महिन्यांनी ते पत्र आलं.

"मास्तर, पाय जुळला. थोडा लंगडतो, पण चालेल. एकच विचारायचं आहे. वळणावर माझा वेग जास्त होता का? मला तसं वाटत नाही, पण गाडी तू उघडून पाहिली असशील आणि तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. गाडीत काही दोष निघाला नसेल तर चूक माझीच. तसं स्पष्ट लिही. मी मनाला लावून घेणार नाही."

मास्तर उत्तर लिहायला बसायचे आणि दोन ओळी लिहून फाडायचे. पहिल्या महिन्यात लाज वाटली. वर्ष उलटल्यावर उशीर झाल्याची लाज वाटली. मग ती दुसरी लाज पहिलीपेक्षा मोठी झाली.

माझं वाकलेलं हँडल सरळ झालं, नवी काचही आली. पण मी छापखान्याच्या पुढे कधी गेले नाही. मास्तर निवृत्त झाल्यावर तेही थांबलं. माझ्यावर जुनी चादर आली. आठवड्यातून एकदा ते मला सुरू करत, पाच मिनिटं ऐकत आणि बंद करत. मागची ती रेघ त्यांनी कधी पुसली नाही आणि नवी ओढलीही नाही.

गेल्या महिन्यात शेडच्या दारात एक तरुण बाई मोटरसायकल घेऊन उभी राहिली. सुतारकाकांची मुलगी. काका पडले तेव्हा ती शाळेत होती, आता नर्स झाली आहे. तिने जुनी गाडी घेतली होती आणि तिला लांबच्या प्रवासासाठी पेट्या बसवायच्या होत्या.

"बाबांना म्हटलं, तुम्ही बसवून द्या. तर हात लावायला तयार नाहीत," ती म्हणाली. "म्हणतात, मास्तरकडे जा. त्याचं काम चोख असतं, त्याच्या हातून चूक होत नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

"मास्तरकाका, या दोन रेघा जुळत का नाहीत?" ती माझ्या मागच्या चाकाशी वाकली होती. "बाबांनी मला शिकवलंय. रेघ तुटली तर नट फिरलाय."

मास्तर खाली बसले, नटावर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. मध्ये काहीही गाळलं नाही. काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

मुलगी चाकापासून उठून उभी राहिली. मग म्हणाली, "माझे बाबा एकेक फळी चार-चारदा मोजतात, माहितीये तुम्हाला? कापायच्या आधी मला बोलावतात. म्हणतात, माझा अंदाज चुकतो, तू बघ. मला वाटायचं, वयामुळे असेल."

"मी..."

"मला नका सांगू. त्यांना सांगा."

"लिहितो."

"आत्ता लिहून द्या. मी घेऊन जाते."

"नको," मास्तर म्हणाले. "त्याने पोस्टाने विचारलं होतं. तुझ्या आड लपून उत्तर द्यायचं नाही."

ती चहा न घेता निघाली. दारात वळून म्हणाली, "पेट्यांसाठी पुढच्या आठवड्यात येईन. तेव्हा मला विचारायला लावू नका."

काकूंनी ट्रे बाकावर ठेवला. "म्हणजे माझ्या त्या बाटलीमुळे?"

"नाही गं. बाटली तू मागितलीस, पण पुस्तक मी वाचत बसलो."

"मग बसा आता आणि लिहा."

तीन दिवस खाडाखोड चालली. मास्तर खोडत, वर लिहीत, समासात बाण काढत. चौथ्या दिवशी काकूंनी कागद ओढून घेतला. "अहो, हे छापायला द्यायचं नाहीये, पोस्टात टाकायचंय!" तेव्हा कुठे पाच ओळी उरल्या. "नट मी आवळला नव्हता. रेघ मात्र आधीच ओढली होती. तू तपासलंस ते बरोबर तपासलंस. वळणावर तुझं काहीही चुकलं नाही. हे मला चौदा वर्षं माहीत होतं."

मग मास्तरांनी माझा तो जुना नट काढला, पत्रासोबत पाकिटात घातला आणि पाकीट दोऱ्याने बांधलं. नव्या नटाला पाना लावला, टक् झालं. काकू बाटली घेऊन शेजारीच बसल्या होत्या. रेघ त्यांनी ओढली.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची काळजी घ्या, हे तर मी सांगेनच. चेन सुकू देऊ नका, आम्हाला महिनोन् महिने चादरीखाली ठेवू नका. पण झाल्याची खूण काम झाल्यावरच करा. आणि एखादा नट राहून गेला असेल तर ज्याला लागलं त्याला लवकर सांगा. तो तिकडे स्वतःलाच तपासत बसलेला असतो. मी साधी गाडी आहे, मला यापलीकडचं कळत नाही.

गल्लीतली टपालपेटी केव्हाच काढून टाकली होती. जवळची पेटी पुलापलीकडे, मोठ्या पोस्टापाशी. मास्तर स्वतः पुढे बसले. मागे कुणी नव्हतं, नकाशाही नव्हता. माझ्या हँडलला त्यांच्या हातांचा घाम लागत होता. आम्ही पूल ओलांडला आणि त्यांनी मला पेटीच्या अगदी जवळ उभं केलं. पाकिटावरचा पत्ता एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि हात फटीत घातला.

पेटी बहुधा रिकामी होती. नट तळाशी जाऊन आपटला.

टक्.

मी मोजला. नववा.