कुंकू लागलेली काचपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. खरं तर दोन काचा, एकीवर एक चिकटवलेल्या, आणि मध्ये केसाहून पातळ असा द्रवाचा थर. हा द्रव साधासुधा नाही बरं का! तो पाण्यासारखा वाहतो, तरी त्याचे कण शिस्तीत एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. त्याला द्रवस्फटिक म्हणतात. तुमच्या कॅल्क्युलेटरवर काळे आकडे उमटतात ना, ते माझ्याच भाऊबंदांचं काम.

मला घाटकोपरच्या एका कॉलेजात दर्शनाने बनवलं. ती इथे पीएचडी करते. काचांना आतून वीज वाहून नेणारा लेप होता. कणांना दिशा कळावी म्हणून त्यावर तिने मखमलीचं फडकं एकाच दिशेने घासलं, हात भरून येईपर्यंत. मग तिच्या मार्गदर्शक रत्नप्रभा मॅडमनी स्वतः तयार केलेला द्रव माझ्यात भरला आणि कडा गोंदाने बंद केल्या. बाटलीत तेवढाच उरला होता.

ती मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, तारा जोडायची, आणि बाहेरून मेट्रो गेली की टेबलाची थरथर थांबेपर्यंत गप्प बसायची. मग हळूहळू व्होल्टेज वाढवायची. आधी काहीच होत नसे. मग एकदम माझा थर घुसळू लागे, आमटीला उकळी फुटावी तसा, पण विस्तवाशिवाय, नुसत्या विजेवर. आणि तोही ओळीने! काळ्यापांढऱ्या पट्ट्या, एकीला लागून एक. हिशेबाप्रमाणे त्या सरळ यायला हव्या होत्या. माझ्यात तिरक्या आल्या.

"मॅडम, तिरक्या! या ना, बघा ना!" दर्शना केवढ्याने ओरडली होती.

तिचा सगळा प्रबंध त्या तिरक्या पट्ट्यांवर उभा राहिला. पण बाहेरून येणारे परीक्षक काही मानेनात. "फोटोवर नाही जमणार. दसऱ्यानंतर येतो. डोळ्यांनी पाहीन, मगच सही," असं त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं.

दसऱ्याला दर्शना आईवडिलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. यंदाही गेली. जाताना मला डबीत ठेवून गेली.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. ती करतात दत्ताराम मामा, इथले जुने शिपाई, मूळचे सावंतवाडीकडचे. सूक्ष्मदर्शकाला, तराजूला हळदकुंकू वाहून झालं, झेंडूची फुलं वाहून झाली. मग त्यांची नजर माझ्या डबीवर गेली. "हिच्या जीवार पोरगी डॉक्टर होतली, आणि हिकाच कुंकू नाय?" असं पुटपुटत त्यांनी मला बाहेर काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि कोपऱ्यावर ओलं हळदकुंकू लावलं. मग हात जोडले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? तोवर मला कुणी नमस्कार केला नव्हता.

पण त्याच कोपऱ्यावर गोंदात बारीकशी फट होती. पाणी आत शिरलं. पाणी हा माझा वैरी आहे, मित्रांनो. ते पोहोचेल तिथे माझ्या कणांची शिस्त मोडते आणि पुन्हा लागत नाही.

दर्शना संत्रा बर्फीचा पुडा घेऊन परतली. डबी उघडली आणि मला उजेडात धरलं. "वाट लागली," एवढंच बोलली. पाण्याचा डाग माझ्यात अर्ध्याहून जास्त पसरला होता.

परीक्षक त्याच दिवशी आले. तिने त्यांना सगळं दाखवलं, डागही दाखवला. उरलेल्या कोपऱ्यात पट्ट्या आल्या, पण पुसट, आणि ते वाकून बघेपर्यंत विरल्या. "एवढ्यावर सही नाही करता येणार, बाळ," ते म्हणाले. "नवीन बनव, मी पुन्हा येईन." मॅडमना द्रव पुन्हा तयार करावा लागणार, आणि त्याला कित्येक महिने जातात. दर्शनाचं वर्ष गेलं.

ते गेले तेव्हा मामा दारात उभे होते. "बाय, माझ्यामुळे झालं काय गो?"

"जाऊ दे मामा," मॅडम म्हणाल्या.

दर्शनाने डोळे पुसले. "हो मामा. हिला पाणी चालत नाही. पण मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तुम्ही रोज विचारायचात, काय बघतेस गो? मी म्हणायचे, काही नाही. या, बसा. उरलंय तेवढं तरी बघा."

मामा स्टुलावर बसले. तिने व्होल्टेज वाढवलं. माझ्यात होता नव्हता तेवढा जोर मी एकवटला. चारदोन तिरक्या पट्ट्या उमटल्या आणि फिरू लागल्या.

"ह्यां तर जिता आसा!" मामा दचकले. मग बराच वेळ त्यांनी डोळा वर उचलला नाही. "माका सांगूक होया होतां गो, बाय," ते हळूच म्हणाले.

त्यानंतर माझ्यात पट्ट्या आल्या नाहीत. दर्शना नवीन काचा घासते आहे आणि मी डबीत पडून आहे. मित्रांनो, एक विनंती आहे. तुम्ही जे जिवापाड जपता, त्याला काय सोसत नाही ते आसपासच्या माणसांना सांगून ठेवा. कुणी विचारलं तर "काही नाही" म्हणू नका. मामांचा हात मायेचाच होता. त्या हाताला कुणी काही सांगितलंच नव्हतं.