तानिमूच्या पहिल्या गोलसाठी

प्लास्टिकची ती इवलीशी वाटी – उलट्या छत्रीसारखी, पांढरी, कडेला पिवळट पडलेली – आणि तिच्यात पडू पडू म्हणणारा चरबीचा एक थेंब. सकाळचे नऊ वाजले होते, रविवार होता, बारा वाजता त्याच्या आयुष्यातला शेवटचा सामना होता, आणि तानिमू कॉफीत साखर ढवळत त्या थेंबाकडे बघत बसला होता. वाटीच्या वर डुकराची खारवून वाळवलेली मांडी, हामोन, खुरासकट उलटी टांगलेली. मांडीला दोरी, दोरीला पुठ्ठ्याचा तुकडा, आणि पुठ्ठ्यावर फेर्मीनच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं – ‘तानिमूच्या पहिल्या गोलसाठी’. फेर्मीनला जाऊन तीन वर्षं झाली. बार आता त्याची बायको रेमेदियोस चालवते, एकटी.

दोरी निळी होती. पांढरी होती ना ही... की आपलंच काहीतरी? असेल निळीच. अकरा वर्षं या स्टुलावर बसून आपण कॉफी प्यालो आणि मान वर करून तिकडे एकदाही धड बघितलं नाही, हे त्याच्या आज लक्षात आलं. ज्याचं सगळं पोट मान वळवून बघण्यावर चाललं, त्या माणसाने!

‘‘काय रे, निरोप घेतोयस का तिचा?’’ डोमिनोच्या टेबलावरून एवारिस्तो ओरडला. हामोन वाळवणं हा त्याचा जन्माचा धंदा. गावातल्या निम्म्या मांड्या त्याच्या तळघरातून आलेल्या, हीसुद्धा. ‘‘आजचा शेवटचा दिवस. आज नाही केलास तर माझ्या मयताला कापावी लागेल.’’

‘‘कापाल कशाने? अकरा वर्षांची आहे. करवत लागेल,’’ तानिमू म्हणाला.

एवारिस्तो एकदम डोमिनोच्या सोंगट्यांमध्ये गढून गेला, आणि रेमेदियोसने पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला घेतला.

‘‘तू त्याच्या तोंडी लागू नकोस, पोरा. खा,’’ ती म्हणाली आणि बटाट्याचं आम्लेट पुढे सरकवलं. त्याच्यासाठीच्या वेगळ्या तव्यातलं. लहानसा काळा तवा, त्याला डुकराच्या चरबीचा स्पर्श कधी झालेला नाही; धुणारीही ती आणि पुसून खिळ्याला अडकवणारीही तीच. तव्याबद्दल दोघं कधी एका शब्दाने बोलले नव्हते.

तो स्पेनमधल्या या गावात, मोंतेआरोयोला आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. घरून, कादुनाहून निघून पाच वर्षं झाली होती, तीन क्लबांनी घेऊन सोडला होता, आणि चौथ्याने, इथल्या क्लबने, मधल्या फळीत, बचावाच्या पुढ्यात उभा केला होता – तिथे उभं राहायचं, समोरच्याचा चेंडू काढून घ्यायचा, आपल्या माणसाला द्यायचा, पुन्हा तिथेच उभं राहायचं. पहिल्याच आठवड्यात फेर्मीनने खुर्चीवर चढून ही मांडी टांगली आणि टाळ्या पडल्या. गावातली याहून मोठी वस्तू कुणाला देता येत नाही, हे त्याला तेव्हा कळलं नाही. मांडी कसली आहे ते मात्र बरोबर कळलं. मग रमजान आला, दिवसभर पाणीसुद्धा न पिणारा खेळाडू गावाने प्रथमच पाहिला, आणि एका संध्याकाळी फेर्मीनच्या डोक्यात प्रकाश पडला. तो चेहरा... बिचारा घाईघाईने खुर्ची ओढत होता, काढतो, आत्ता काढतो, माफ कर म्हणत होता, आणि सगळा बार मान खाली घालून उभा. तेव्हा आपल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तानिमू म्हणाला होता, ‘‘राहू द्या. मी गोल करत नाही.’’

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या एका वाक्याने मी या गावचा झालो, आणि त्याच वाक्याने अडकलो. पन्नास सामने झाले, शंभर झाले, क्लब दुसऱ्या विभागात चढला, दोनशे, तीनशे झाले... गोल नाही. कधी गोलच्या खांबाला लागून गेला, कधी रेफ्रीने नाकारला, बहुतेक वेळा तो गोलच्या आसपास फिरकलाही नाही. ‘त्याला करता येतो हो, पण डुक्कर आडवं येतं,’ असं एवारिस्तो पाहुण्यांना सांगायचा, आणि तानिमू सगळ्यांत आधी हसायचा. सवयीने.

हसता येत नव्हतं ते एकाच ठिकाणी. बाबा.

बाबा कादुनाला कावोच्या चौकात एकतीस वर्षं वाहतूक पोलीस होते. पिवळा शर्ट, पांढरे हातमोजे, चारी बाजूंनी ट्रक आणि मोटरसायकली. शाळा सुटली की तो टायरवाल्याच्या दुकानापाशी बसून त्यांना बघायचा – वळण्याआधी बाबा खांद्यावरून मागे बघायचे, दर वेळी, रस्ता रिकामा असला तरी. चेंडू येण्याआधी खांद्यावरून बघायचं, हे स्पेनमध्ये सगळे मिस्टर, म्हणजे प्रशिक्षक, घसा फोडून शिकवतात. तानिमू ते घरून घेऊन आला होता. पण त्याच बाबांचा दर रविवारी फोन यायचा, आणि सलाम झाला की पहिला प्रश्न, ‘‘किती?’’ नाही बाबा, आज नाही. ‘‘बरं. पुढच्या वेळी, इन्शाल्ला.’’ मग पाच वर्षांपूर्वी त्याने त्यांना इथे बोलावलं. त्यांनी एक सामना पाहिला, शून्य-शून्य. परत गेले. आणि त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं. सलाम, गुडघा कसा आहे, सूनबाई कशी आहे, इथे वीज नाही... ‘किती’ नाही. म्हणजे मुलाने आशा सोडली नव्हती तरी बापाने सोडली होती, आणि मुलाला दुखू नये म्हणून तो त्याबद्दल बोलतही नव्हता. ते न विचारणं पाच वर्षं तानिमूच्या बरगडीत रुतून बसलं होतं. आज एकच शब्द हवा होता. फोन लावायचा आणि म्हणायचं, एक.

थेंब पडला. त्याने पाहिला नाही. वाटीकडे पुन्हा बघितलं तेव्हा तो नव्हता.

मैदानावर त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळलं की कट झालेला आहे. दोन्ही संघांचं या मोसमात जे व्हायचं ते झालेलं, हरण्या-जिंकण्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं, आणि आपल्या संघातले दहाही जण चेंडू त्यालाच देत होते. तो इबोनला द्यायचा, डावीकडे, मोकळा – इबोन परत त्याच्याच पायात. ‘‘मार ना!’’ गॅलरीतून ‘हामोन! हामोन!’ असा गजर. त्याने मारला, आभाळात. पुन्हा मारला, गोलकीपरच्या हातात, आणि त्याला वाटलं की परक्या गोलकीपरनेसुद्धा एक क्षण विचार केला... संताप आला त्याला. भीक घालताय? अकरा वर्षं मी चेंडू दिला तो काय परत मिळावा म्हणून? मध्यंतराला तो बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत राहिला आणि कुणाकडे न बघता म्हणाला, ‘‘दुसऱ्या अर्ध्यात जो मला उगीच पास देईल, त्याची नडगी फोडीन.’’

‘‘शेवटच्या दिवशी तरी चांगलं बोल रे,’’ इबोन म्हणाला. पण ऐकलं सगळ्यांनी.

मग खेळ सुरू झाला, खरा. आणि काय खेळला तो! गुडघा विसरला, चौतीस वर्षं विसरला, आणि समोरच्यांना मधून रस्ताच मिळेना. जिथे चेंडू जाणार तिथे हा आधीच उभा. काढून घे, दे, उभा राहा. काढून घे, दे. ‘हामोन’ची आरोळी केव्हा थांबली ते लोकांनाही कळलं नाही. आणि एकाहत्तराव्या मिनिटाला कॉर्नर. तो खरं तर परतवलेला चेंडू अडवायला म्हणून पुढे सरकला होता, गर्दीत कुणाचं तरी डोकं, कुणाची तरी पाठ, चेंडू खाली पडला, त्याच्या नडगीवर आदळला – नडगीवर! – आणि दोघांच्या पायांमधून संथपणे गडगडत जाळ्यात गेला.

आवाज त्याला ऐकू आला नाही. गोल झाल्यावर काय करतात हे त्याच्या पायांना माहीत नव्हतं. त्यांना एकच माहीत होतं, म्हणून तो वळला आणि आपल्या जागेकडे, मैदानाच्या मधोमध धावत निघाला, आणि धावता धावता सवयीने खांद्यावरून मागे बघितलं. दहा माणसं अंगावर येत होती. सगळी आपली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळेना की आता कुठल्या बाजूला वळायचं, आणि तो उभा राहिला, आणि सगळे त्याच्यावर कोसळले, आणि त्या ढिगाखाली, गवत तोंडात, तो मोठमोठ्याने हसत होता. एक. एक, बाबा. एक!

साडेतीनला बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. त्याची बायको रहीला दाराशी भेटली, तिने त्याचा कान पकडून हलवला. लोकांनी त्याला हातोहात ओट्यापर्यंत पोचवलं. निळी दोरी कापली गेली, मांडी फळीवर आडवी झाली, पुठ्ठा रेमेदियोसने काढून ब्लाऊजच्या खिशात ठेवला, आणि एवारिस्तोने लांब पात्याची सुरी तानिमूच्या हातात दिली. ‘‘पहिला काप तुझा. खाऊ नकोस, पण काप.’’

सुरी आत गेली. लोण्यात जावी तशी.

तो थबकला. खाल्लं नसेल, पण अकरा वर्षं तो रोज हामोन कापताना बघत होता. चरबी पांढरीशुभ्र होती, मांस ओलसर, लाल. त्याने रेमेदियोसकडे पाहिलं.

‘‘ही केव्हाची आहे?’’

एवारिस्तो छताकडे बघू लागला.

‘‘सांग की आता,’’ रेमेदियोस त्याला म्हणाली. ‘‘तूच आणतोस ना?’’

‘‘दोन वर्षांची,’’ एवारिस्तो पुटपुटला. ‘‘तीन कापल्या, ही चौथी. मधे वाळली की मी गुपचूप बदलतो.’’

‘‘चौथी?’’

‘‘मग काय, अकरा वर्षं उपाशी राहायचं आम्ही तुझ्या पायी? पहिली कापली ती राजधानीवाले आले होते तेव्हा. त्यांचा तो दहा नंबर साठाव्या मिनिटाला स्वतः म्हणाला, मला बाहेर काढा, हा माणूस मला श्वास घेऊ देत नाही. फेर्मीन म्हणाला, गोल गेला खड्ड्यात, आण ती सुरी. सोमवारी कापली. सोमवारी तू येत नाहीस.’’

‘‘दुसरी पावसाच्या दिवशीची,’’ मागून कोणीतरी ओरडलं. ‘‘फेब्रुवारी. त्र्याण्णवावं मिनिट. मैदानाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत धावत येऊन चेंडू रेषेवरून काढलास.’’

‘‘पण तो चेंडू मीच घालवला होता!’’ तानिमू जवळजवळ चिडून म्हणाला. तो दिवस त्याच्या लेखी सगळ्यांत वाईट होता. त्या रात्री त्याला झोप आली नव्हती.

‘‘घालवलास तू, आणि परत आणायलाही तूच धावलास,’’ रेमेदियोस म्हणाली. ‘‘आम्ही काय फक्त पहिलंच बघायचं?’’

‘‘आणि तिसरी?’’

रेमेदियोसच बोलली. ‘‘तुझे वडील आले होते त्या दिवशी. सामन्यानंतर तुझं नाव डोपिंगच्या, लघवीच्या तपासणीसाठी निघालं होतं, दोन तास अडकलास. ते इथे बसले होते, या स्टुलावर, संत्र्याचा रस घेऊन. भाषा कुणाला येत नव्हती. फेर्मीनने पुठ्ठा दाखवला, मांडी दाखवली, तुझा फोटो दाखवला, सुरी दाखवली. खुणेने विचारलं, कापू का? आज तुम्ही आलात म्हणून. ते बराच वेळ बघत राहिले. मग स्टुलावरून उठले, ताठ उभे राहिले, एक हात असा आडवा धरला, आणि दुसऱ्याने...’’

तिने करून दाखवलं. दुसऱ्या हाताने, कोपरापासून, सावकाश – चला.

तानिमूने सुरी खाली ठेवली. भूल पडल्यासारखा तो गर्दीतून वाट काढत रस्त्यावर आला. उन्हात चौकातलं कारंजं चाललं होतं. बाबांनी विचारणं का बंद केलं... आशा सोडली म्हणून नव्हे. पाच वर्षं मी काय समजत होतो. मागे बघतो, मागे बघतो म्हणतो मी, आणि माझ्याच डोक्यावर मांड्या बदलत होत्या, गाव जेवत होतं, बाबा हात दाखवत होते, आणि मी कॉफी ढवळत होतो! त्याला हसू आलं, आणि त्याने फोन लावला.

पलीकडे ट्रकचे हॉर्न. म्हणजे टायरवाल्याच्या दुकानी बसले होते, नेहमीसारखे.

‘‘बाबा, त्या दिवशी बारमध्ये तुम्ही काय केलंत?’’

बाबा हसले; दात पडल्यापासूनचं ते फुसफुसतं हसू.

‘‘सांगितलं का शेवटी त्यांनी? अरे, माणसं थांबली होती किती वेळची. मी सोडली.’’

मग ते गुडघ्याबद्दल बोलले, रहीलाबद्दल, नवा जनरेटर किती आवाज करतो त्याबद्दल, आणि चौकात आता दिवे बसवलेत पण त्यांना कोणी जुमानत नाही, त्याबद्दल तर फारच. तो ऐकत राहिला, भिंतीला टेकून, ऊन अंगावर घेत. बूट सोडून पाय पाण्यात टाकले की वाटतं तसं त्याला सगळ्या अंगात वाटत होतं. सलाम झाला, फोन ठेवला.

आत कोणीतरी गाणं धरलं होतं आणि रेमेदियोस ओरडत होती की आम्लेट गार होतंय. तो दाराकडे वळला, उंबऱ्यावर एक पाय ठेवला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं – गोलचं सांगायचंच राहिलं.

फोन हातातच होता. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग फोन खिशात टाकला आणि आत गेला.